आल्पेफियॉर्डचा गाळ: ‘ओशन एक्स्प्लोरर’ प्रकरणाचा अभ्यास

११ सप्टेंबर २०२३, सोमवार. ईशान्य ग्रीनलंडमधल्या आल्पेफियॉर्डमध्ये (फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, उंच कड्यांमधली अरुंद खोल खाडी) ‘ओशन एक्स्प्लोरर’ नावाचं प्रवासी जहाज गाळात बसलं. जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून २०६ माणसं होती. कोणाला इजा नाही, तेलगळती नाही, जहाज कललंही नाही. तीन दिवसांनी, १४ तारखेच्या भरतीला, एका मासेमारी-संशोधन जहाजाने ते ओढून काढलं. बातमी तिथेच संपली आणि बहुतेकांच्या डोक्यातून गेलीही.

दोन दिवसांनी त्याच फियॉर्डांच्या जाळ्यात एक डोंगरमाथा पाण्यात कोसळला. त्याचा संबंध या जहाजाशी जोडला गेला तो वर्षभराने, शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला तेव्हा. हे प्रकरण तपशिलात मांडायचं कारण तेच. छोट्या जहाजांच्या आर्क्टिक सफरींबद्दल बोलताना चर्चा बहुधा ध्रुवीय अस्वलाच्या आणि हिमनगाच्या धोक्याची होते. इथे दोन्ही नव्हते. धोका होता तळाच्या गाळात आणि कड्याच्या माथ्यावर. आणि दोन्हींच्या मुळाशी तीच गोष्ट होती, जी दाखवायला जहाज तिथे जातं: हिमनदी.

जागा

ईशान्य ग्रीनलंड राष्ट्रीय उद्यान १९७४ साली स्थापन झालं आणि १९८८ मध्ये वाढवलं गेलं. क्षेत्रफळ सुमारे ९,७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. जगात याहून मोठं राष्ट्रीय उद्यान नाही. कायमची वस्ती शून्य. माणसं आहेत ती हवामान आणि संशोधन केंद्रांवर, आणि ‘सिरियस’ या डॅनिश लष्करी गस्ती पथकात. हे पथक हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर दोघा-दोघांच्या जोडीने शेकडो किलोमीटर फिरतं. उद्यानाबाहेरचं सर्वात जवळचं गाव इटोक्कोरटूर्मिट. लोकवस्ती साडेतीनशेच्या आसपास, आणि जहाज रुतलं तिथून अंतर सुमारे २४० किलोमीटर. राजधानी नूक सुमारे १,४०० किलोमीटर दूर, तीही मधल्या अख्ख्या हिमचादरीपलीकडे.

आल्पेफियॉर्ड हा किंग ऑस्कर फियॉर्डच्या जाळ्यातला आतला फाटा. पूर्वेला स्टाउनिंग आल्प्स, अडीच हजार मीटरच्या वर जाणारी शिखरं. पश्चिमेला नॅथोर्स्ट लँड. फियॉर्डच्या आतल्या भागात सेफस्ट्रॉम आणि गली या दोन हिमनद्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. गली हिमनदीने तर फियॉर्ड जवळजवळ अडवलाच आहे. तिच्या मागे जो तुकडा उरलाय त्याला नावच ‘डामेन’ आहे, म्हणजे बंधारा. उतारांवर मस्क ऑक्स चरतात, सखल भागात आर्क्टिक ससे आणि कोल्हे, बाहेरच्या पाण्यात नारव्हाल जातीचे देवमासे, आणखी बाहेर बर्फाच्या कडेला अस्वलं. सप्टेंबरात तिथलं खुरटं विलो आणि बर्च लाल-पिवळं होतं, रात्री पुन्हा काळोख्या होतात आणि ध्रुवप्रकाश दिसू लागतो. म्हणून हंगामाच्या शेवटच्या या सफरींना मागणी असते.

जहाज आणि त्याचा हिशेब

‘ओशन एक्स्प्लोरर’ २०२१ सालचं, सुमारे १०४ मीटर लांबीचं. बर्फाळ पाण्यासाठी मजबूत केलेलं बाहेरचं कवच, आणि लाटेवर आदळण्याऐवजी ती कापत जाणारं उलट्या उताराचं नाक, ज्याला ‘एक्स-बो’ म्हणतात. झेंडा बहामाचा, मालकी सनस्टोन कंपनीची, त्या वेळी सफर चालवणारी कंपनी ऑस्ट्रेलियाची अरोरा एक्स्पिडिशन्स. प्रवाशांत बरेच ऑस्ट्रेलियन होते. म्हणजे हे काही जुनाट, डगडगतं जहाज नव्हतं. या वर्गातलं नवं आणि चांगलं बांधलेलं जहाज होतं, आणि प्रकरणात महत्त्वाचं हेच आहे.

छोट्या जहाजाची विक्री ज्या मुद्द्यावर होते तो साधा आहे: मोठी जहाजं जिथे जात नाहीत तिथे आम्ही जातो. तिथे धक्का नसतो. जहाज फियॉर्डमध्ये थांबतं आणि माणसं रबरी होड्यांतून, ज्यांना सगळे झोडियाक म्हणतात, दहा-दहाच्या गटाने किनाऱ्यावर जातात. आधी मार्गदर्शकांची एक होडी पुढे जाते. बंदूकधारी गाइड उंचवट्यावर चढून दुर्बिणीने आसपासचा उतार पाहतात, अस्वल नाही याची खात्री करतात, मग वायरलेसवर होकार जातो. प्रवाशांचे बूट जंतुनाशकात बुडवून घेतात. किनाऱ्याला टेकल्यावर उतरताना खलाशाचा हात मनगट-मनगट असा धरायचा, पंज्याने नाही, कारण ओला पंजा सुटतो. एवढ्या बारकाईने सगळं बसवलेलं असतं. जमिनीवरच्या आणि किनाऱ्यावरच्या धोक्यांच्या बाबतीत हा धंदा खरोखर काटेकोर आहे, त्यात वाद नाही.

पण नियम माणसांच्या संख्येवर बेतलेले आहेत. ग्रीनलंडच्या पाण्यात २५० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला स्थानिक पाण्याचा जाणकार पायलट सक्तीचा आहे. ‘ओशन एक्स्प्लोरर’वर कर्मचारी धरूनही एकूण माणसं २०६. स्वालबार्ड या आपल्या आर्क्टिक बेटांवर नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रात प्रवासीसंख्या २०० वर आणली, उतरण्याच्या जागा ठरवून दिल्या, अस्वलापासून ३०० मीटर आणि वसंतात ५०० मीटर अंतर बंधनकारक केलं. अस्वलांसाठी आणि झाडोऱ्यासाठी हे चांगलंच झालं. मात्र गाळाला जहाजावर किती माणसं आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं. उलट, छोटं जहाज आत जाऊ शकतं, म्हणूनच ते उथळाच्या जवळ जातं.

गाळ येतो कुठून

हिमनदी सरकताना खालचा खडक दळते. हे पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर हिमनदीच्या बुडाखालून बाहेर पडतं. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यातून वर उसळतं आणि वर येताना खोल पाण्यातली पोषकद्रव्यं आणि बारीक प्लवक ओढून आणतं. म्हणूनच पाण्यात पाय असलेल्या हिमनदीच्या तोंडाशी किटिवेक आणि फुलमार पक्षी घोळक्याने घिरट्या घालताना दिसतात. मासे येतात, माशांमागे सील, सीलांमागे अस्वल. म्हणजे हिमनदीचं तोंड हा त्या समुद्रातला अन्नछत्राचा दरवाजाच आहे, आणि प्रवाशांना तिथेच नेण्यात अर्थ आहे.

त्याच पाण्यातलं खडकाचं पीठ मात्र खाऱ्या पाण्याला भेटलं की गुठळ्या धरून खाली बसतं. कडेच्या ओढ्यांची वाळू त्यात भर घालते. एखाद्या वर्षी हिमनदी मागे सरली, प्रवाहाने तोंड बदललं, की गाळाचा दांडाही जागा बदलतो. खाडीच्या मुखाशी होडी चालवणाऱ्या कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला हे सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की तांडेल रोज त्या मुखातून जातो-येतो. आल्पेफियॉर्डच्या आतल्या टोकाला उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत मोजकी जहाजं जातात.

आणि नकाशे? ग्रीनलंडच्या किनाऱ्याचं आधुनिक पद्धतीने खोलीमापन मुख्यतः नैऋत्य किनाऱ्यावर झालंय, कारण वस्ती आणि व्यापार तिथे आहे. पूर्वेकडच्या आतल्या फियॉर्डांत सागरी नकाशावर मोठमोठे कोरे भाग आहेत, किंवा मोजमापांची एखादीच ओळ. म्हणून सफरी चालवणारी जहाजं आपापल्या यंत्रांनी खोली नोंदवत जातात, या नोंदी आपसात वाटून घेतात, आणि शक्यतो आधीच्या जहाजाच्या मार्गावरून जातात. पद्धत शहाणपणाची आहे. पण मळलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना अज्ञात पाणी उरतंच, आणि हलणाऱ्या गाळापुढे मागच्या वर्षीची नोंद जुनी होते.

त्या दिवशी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, कोणी काय ठरवलं, हा या टिपणाचा विषय नाही. ते चौकशी करणाऱ्या यंत्रणेचं काम. इथे पाहायचंय ते रुतल्यानंतरचं.

तीन दिवस

पहिला निर्णय: माणसं जहाजावरच ठेवायची. तो योग्य होता. जहाज ताठ उभं होतं, वीज चालू, खोल्या उबदार, अन्नपाणी पुरेसं. किंग ऑस्कर फियॉर्डवर मेस्टर्सविगची खडीची धावपट्टी आहे खरी, पण दोनशे माणसं झोडियाकमधून हलवायची म्हणजे वीसेक फेऱ्या, सप्टेंबरच्या थंडीत, उघड्या पाण्यावर. आणि नेऊन ठेवायची कुठे? जहाज सोडणं हे जहाजावर थांबण्यापेक्षा जास्त धोक्याचं होतं. बोर्डवर तिघा प्रवाशांना कोविड झाल्याचंही निघालं. त्यांना वेगळं ठेवलं. एका प्रवाशाने ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्राला सांगितलं की खिडकी उघडली की समोर हिमनदी दिसते, जागा सुंदर आहे, जरा वैताग आलाय इतकंच.

दुसरा भाग मदतीचा. नूकमधल्या डेन्मार्कच्या संयुक्त आर्क्टिक कमांडने ‘क्नुद रासमुसेन’ हे गस्ती जहाज निघायला सांगितलं. अंतर सुमारे १,२०० सागरी मैल, म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या वर. पोहोचायला शुक्रवार, १५ तारीख. कमांडने लपवाछपवी केली नाही: जवळची मदत लांब आहे, आमची जहाजं लांब आहेत, हवामान बिघडू शकतं, पण तातडीचा धोका दिसत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सिरियस पथकाची माणसं बोटीने येऊन जहाज पाहून गेली.

ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. बचावाला किती वेळ लागेल असं धरून जगण्याची साधनं ठेवायची, याचा किमान आकडा तिने दिलाय: पाच दिवस. कागदावर तो सावधपणाचा वाटतो. या प्रकरणात, उन्हाळ्याच्या शेवटी, उघड्या पाण्यात, संपर्क पूर्ण चालू असताना, लष्करी जहाजाला चार दिवस लागणार होते. पाच दिवस ही अतिशयोक्ती नाही, हे इथे प्रत्यक्ष मोजून मिळालं.

तिसरा भाग भरतीचा, आणि मला स्वतःला तो सर्वात रंजक वाटतो. जहाजाने भरतीच्या वेळी स्वतःच्या इंजिनांवर निघायचा प्रयत्न केला, निघालं नाही. ग्रीनलंड सरकारचं ‘ताराजॉक’ हे संशोधन जहाज, ज्याचं काम माशांच्या साठ्यांची पाहणी करणं, त्या भागात होतं. त्याने बुधवारी ओढून पाहिलं, नाही जमलं. गुरुवारी, १४ तारखेच्या भरतीला, ताराजॉकची ओढ आणि जहाजाची स्वतःची ताकद एकत्र लागली आणि ‘ओशन एक्स्प्लोरर’ सुटलं.

आता पंचांग पाहा. ६ सप्टेंबरला चंद्र कृष्णपक्षाच्या अर्ध्यावर होता, म्हणजे भांग, भरती सर्वात कमी. १४-१५ला अमावस्या, म्हणजे उधाण. जहाज ११ तारखेला बसलं ते चढत्या भरतीच्या आठवड्यात. पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा थोडी उंच येणार होती. मुंबईच्या चार-पाच मीटरच्या उधाणापुढे तिथला फरक फारच लहान, पण गाळात बसलेल्या जहाजाला वीतभर पाणीही मोठं. हेच जहाज आठवडाभराने, अमावस्येनंतर बसलं असतं, तर भरत्या उतरत गेल्या असत्या आणि पौर्णिमेची वाट पाहावी लागली असती. तोवर सप्टेंबर सरत आला असता आणि फियॉर्डांत नवा बर्फ धरायला लागला असता. (१४ सप्टेंबरला आपल्याकडे पिठोरी अमावस्या होती, पोळा. आपल्या बैलांना त्या दिवशी ओढकाम नसतं. ताराजॉकला मात्र होतं.)

सुटकेत यंत्रणेचा वाटा किती होता? कमांडने परिस्थिती नीट हाताळली, कप्तानाने घाई केली नाही. पण जहाज निघालं ते तिथीमुळे आणि मासे मोजणारं एक जहाज योगायोगाने जवळ होतं म्हणून.

१६ सप्टेंबर

प्रवासी परतीच्या वाटेला लागले होते. शनिवारी दुपारी डिक्सन फियॉर्डमध्ये, म्हणजे त्याच जाळ्याच्या दुसऱ्या फाट्यात, सुमारे १,२०० मीटर उंचीच्या डोंगराचा माथा खालच्या हिमनदीवर कोसळला आणि दगड-बर्फाचा सुमारे अडीच कोटी घनमीटर ढीग पाण्यात गेला. पाणी समोरच्या काठावर २०० मीटर उंचीपर्यंत चढलं. मग ते त्या अरुंद, खोल फियॉर्डमध्ये दोन्ही काठांदरम्यान हेलकावत राहिलं, एक हेलकावा साधारण ९२ सेकंदांचा, नऊ दिवस. जगभरच्या भूकंपमापकांवर एकसुरी कंप उमटत राहिला आणि तो कसला ते कोणाला कळेना. उत्तर सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं: १५ देशांतल्या ६८ शास्त्रज्ञांचं काम. कारण म्हणून त्यांनी जे सांगितलं ते असं: डोंगराच्या पायथ्याशी टेकू देणारी हिमनदी गेल्या काही दशकांत पातळ होत गेली, टेकू गेला, कडा खाली आला.

सुमारे ७० किलोमीटरवरच्या एला बेटावर सिरियसचं ठाणं आहे. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं. लाटेने नुकसान केलं. आणि आल्पेफियॉर्ड? संशोधकांच्या अंदाजाने तिथे लाट चार ते सहा मीटरची पोहोचली.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. खोल पाण्यात मोकळ्या असलेल्या जहाजाला अशी लाट झेलता येते. गाळात पोट रुतलेल्या जहाजाचं गणित वेगळं: पाणी आधी ओसरलं तर ते आडवं होणार, मग लाट उचलून पुन्हा तळावर आपटणार. त्याहून वाईट शक्यता म्हणजे प्रवासी त्या वेळी किनाऱ्यावर असणं. रुतलेल्या जहाजावरच्या माणसांना बरं वाटावं म्हणून झोडियाकने जवळच्या किनाऱ्यावर फिरवून आणणं अगदी साहजिक. चार-सहा मीटरची लाट सपाट पुळणीवर काय करते हे सांगायला नको. आणि ‘क्नुद रासमुसेन’ १५ला पोहोचून १६च्या भरतीची तयारी करत असतं, तर त्या पाण्यात एक नाही, दोन जहाजं असती.

ग्रीनलंडला हा धोका नवीन नव्हता. १७ जून २०१७ला पश्चिम किनाऱ्यावर कार्राट फियॉर्डमध्ये दरड कोसळून उठलेल्या लाटेने नूगात्सियाक गाव झोडपलं, चार माणसं गेली. त्यानंतर तिथल्या उतारांवर लक्ष ठेवलं गेलं, कारण तिथे गावं आहेत. पूर्वेला गावं नाहीत, म्हणून तसा दाब नव्हता. पण उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत तिथेही दोनशे माणसांची तरंगती वस्ती असते, आणि ती नेमकी हिमनदीच्या तोंडाशी, कड्यांच्या खाली थांबते.

आधीची दोन प्रकरणं

कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये २७ ऑगस्ट २०१०ला ‘क्लिपर अ‍ॅडव्हेंचरर’ कॉरोनेशन आखातात खडकावर चढलं. तो खडक आधीच सापडलेला होता, सूचनेत नोंदलेलाही होता. जहाजावरच्या नकाशावर मात्र तो चढवलेला नव्हता. तटरक्षक दलाचं बर्फफोडं जहाज येऊन प्रवाशांना न्यायला दोन दिवस लागले. २४ ऑगस्ट २०१८ला ‘अकादेमिक इओफे’ कुगारुकजवळ अपुऱ्या मोजणीच्या पाण्यात बसलं. त्याच्या प्रवाशांना त्याचंच भावंड ‘अकादेमिक सर्गेई वाविलोव्ह’ने उचललं, कारण ते सुदैवाने त्या टापूत होतं.

तिन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यात भरते. पहिल्यात तटरक्षक दल आलं, पण दोन दिवसांनी. बाकी दोन्हींत उपयोगी पडलं ते जवळचं दुसरं जहाज. ग्रीनलंडच्या नियमांतही मोठ्या प्रवासी जहाजांनी शोध-बचावाची व्यवस्था आधीच आखावी, गरजेप्रमाणे दुसऱ्या जहाजाशी जोडी जमवावी, अशी दिशा आहे. माझ्या मते हाच मुद्दा सर्वात पुढे यायला हवा, आणि माणसांच्या संख्येऐवजी जागेवरून ठरायला हवा: उद्यानाच्या आतल्या फियॉर्डांत जाणारं जहाज, मग त्यावर साठ माणसं असोत की दोनशे, ठरावीक तासांच्या अंतरात दुसरं जहाज असल्याशिवाय आत शिरू नये. कंपन्यांना हे महाग पडेल. वेळापत्रकं जोडावी लागतील, स्पर्धकाशी बोलावं लागेल. पण ती एकमेकांच्या खोलीच्या नोंदी आधीपासून वाटून घेतातच. ठावठिकाणा वाटणं त्याच्या पुढचं पाऊल आहे.

दरडीच्या बाबतीत करण्यासारखं कमी आहे, पण शून्य नाही. उपग्रहांवरून उतारांची हालचाल मोजता येते. अरुंद फियॉर्डमध्ये, ताज्या पडझडीच्या खुणा असलेल्या कड्याखाली नांगर टाकायचा नाही, आणि किनाऱ्यावर उतरलेल्या गटाला उंचावर जायची वाट आधीच दाखवून ठेवायची, हे उद्यापासून करता येईल. अस्वलासाठी जो गाइड उंचवट्यावर उभा असतो, त्यानेच पाण्याकडेही पाहावं. समुद्र अचानक मागे सरला तर काय ओरडायचं हे ठरलेलं असावं. डिक्सन फियॉर्डमध्ये त्याच जागी ११ ऑक्टोबर २०२३ला पुन्हा घसरण झाली, लहान लाट पुन्हा उठली. तोवर हंगाम संपला होता.

आपल्याकडूनही आता माणसं अशा सफरींना जातात. मुंबई-पुण्यातल्या टूर कंपन्यांच्या यादीत आर्क्टिक असतं, आणि स्वालबार्ड संपलं की पुढचं आकर्षण पूर्व ग्रीनलंडच असतं. बुकिंग करताना खोली कुठल्या मजल्यावर आणि शाकाहारी जेवण मिळेल का, हे विचारतातच. त्याच बैठकीत हेही विचारता येतं: जहाज आतल्या फियॉर्डमध्ये असेल त्या आठवड्यात सर्वात जवळचं दुसरं जहाज कोणतं आणि ते किती तासांवर असेल, बचावाच्या खर्चाचा विमा कंपनीचा की आपला, आणि कप्तानाने हवामान किंवा खोलीचं कारण देऊन एखादा फियॉर्ड गाळला, तर परताव्याचा वाद होतो का. शेवटच्या प्रश्नाचं लेखी उत्तर मागावं. परताव्यासाठी भांडणारे प्रवासी मागे असले की कप्तानाला ‘नको’ म्हणणं जड जातं.